ब्रशची पाठ

इव्हालोच्या दुकानात खिळ्यांना टांगलेले अकरा ब्रश.
तारांचा होता तो मनगटाच्या आतून ओढून पाहिला:
पांढरी रेघ उठली, मग लाल.
परत ठेवला.
दुकानातला पोरगा म्हणाला, लॅपहुंडसाठी हाच नेतात सगळे.
नेऊ देत.
मी घेतला डुकराच्या केसांचा, बर्चच्या मुठीचा,
आणि बोथट दातांचा एक कंगवा
पुढच्या हिवाळ्यासाठी, खालची दाट लव भरेल तेव्हा.

पहिले तीन दिवस ब्रश नुसता जमिनीवर.
चाप्पेनं हुंगला, चावला, शेगडीमागे नेऊन लपवला.
चौथ्या दिवशी ब्रशची पाठ टेकवली, नुसतं लाकूड,
खांद्यावरून एकदा.
रेनडिअरच्या काळजाचा सुका तुकडा. पुरे.
मग केसांची बाजू. एकदा. तुकडा. पुरे.

कानामागे मात्र हात जाताच
ती थिजते, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतो,
आणि मला आठवते वसतिगृहातली रांग,
बाईंच्या गुडघ्यांत धरलेलं माझं डोकं,
उवांची लोखंडी फणी,
आणि आपल्या भाषेत ‘दुखतंय’ म्हणायला बंदी.

चाप्पे, घाई कुणाला आहे?
सूर्य तर जानेवारीशिवाय उगवत नाही.
तू गुरगुर. मी थांबते.

आज ती आपणहून मांडीत चढली.
ब्रश लांब, खिडकीत.
कानामागची गाठ बोटांनीच सोडवली, वाटाण्याएवढी,
आणि सोडवताना विचारत राहिले, सामी भाषेत,
दुखतंय का गं, रिस्तेनला सांग.
तिनं जांभई दिली.
काळजाचा वास आला.