वरून

लॉरीचं एक टायर अर्धं पुरलंय वाळूत
योफच्या किनाऱ्यावर, मासळी वाळवायच्या फळ्यांपलीकडे.
त्यावर पाय दिला की उसळतं,
ओळखीच्या कुत्र्यासारखं.
डिसेंबरपर्यंत मला ओळखत होतं.

मागची उलटी उडी मला पाठ होती.
खरंच पाठ, पाढे असतात तशी;
झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आली असती.
तीन पावलं, टायर, आभाळ, वाळू.
आभाळ इतकं थोडा वेळ असायचं
की त्याचा रंग बघायचं कधी सुचलं नाही.

मग एक दिवस काही झालं नाही.
तेच तर सांगतेय : काही झालं नाही.
हाड मोडलं नाही, कुणी धक्का दिला नाही.
भरतीची वेळ, पोरं हसत होती,
मी धावले, उसळले, आणि वर असताना
डोक्यात एक प्रश्न आला :
खाली कुठे आहे?

उडीत प्रश्नाला जागा नसते.
कशीबशी कुशीवर आले. तोंडात वाळू.
सगळ्यांना वाटलं, वारा होता.

दुसऱ्या दिवशी टायरपाशी थांबले.
तिसऱ्या दिवशी टायरच्या आधीच.
चौथ्या दिवशी आईला म्हटलं, मासळी उलटायला येते.
आईने विचारलं काही नाही, टोपली पुढे सरकवली.
मासळी उलटणं सोपं.
ती मेलेली असते.

मापाते म्हातारा नाही, त्याचा डावा घोटा म्हातारा आहे.
एकेकाळी तो तंबूंत उडायचा, दूरदेशी, चमकीच्या कपड्यांत.
आता टायर सांभाळतो, आणि आम्हाला.
"यांदे, घाबरू नकोस" असं तो म्हणाला नाही.
बाकी सगळे म्हणून झाले होते,
आणि दर वेळी कुणी नावाने हाक मारावी तशी
भीती उठून पुढे यायची.
तो म्हणाला, "बिरामला तू शिकव. मला टॅक्सी धुवायचीय."

बिराम आठ वर्षांचा, पुढचे दात नुकते आलेले,
त्याला न शोभणारे.
एक हात मी त्याच्या कमरेमागे धरला, दुसरा मांडीखाली.
तळव्याला कणा लागला,
एकेक मणका, ओल्या जाळ्याच्या गाठीसारखा,
आणि सगळ्या गाठी थरथरत होत्या.
मला वाटायचं भीती डोक्यात राहते.
ती तर इथे होती, माझ्या हातात, कोमट, घामेजलेली,
कोंबडीएवढ्या वजनाची.
धरता येण्यासारखी.

"सोडणार नाहीस ना?"
"सोडणार," मी म्हटलं, "पण तू उलटल्यावर."
कुठून आलं तोंडात, कोण जाणे.

त्याची टाच माझ्या कानावर बसली.
तो उभा राहिला नाही, बसला,
आणि बसूनच असा ओरडला
की होडीवरच्या माणसांनी वळून पाहिलं.
पुन्हा. पुन्हा. चाळीस वेळा, जास्तच असेल.
माझे खांदे भरून आले.
खाली कुठे आहे, हे दर वेळी
माझ्या हातांना माझ्याआधी कळत होतं.

ओहोटी लागली. पोरं घरी गेली.
लांब फळीवर मापाते, पँट गुडघ्यांपर्यंत ओली,
माझ्याकडे न बघण्याचं सोंग करत.

पोटात गोळा होताच.
त्याला म्हटलं, बस तिथेच, माझ्याबरोबर उलटा हो.
पाठीला डोळे नसतात.
पण दुपारभर माझ्या हातांना जी पाठ पाठ झाली
ती थोडी माझीही होती.

तीन पावलं. टायर.
आभाळ : राखाडी, एका कडेला हिरवट.

गुडघ्यांवर उतरले, एक हात टेकला.
मापाते म्हणाला, "वाईट."
मग स्वतःच्या घोट्याकडे बघत, "उद्या आधी पाय."

उद्या म्हणाला.

रात्री केस विंचरताना आई म्हणाली,
एवढी वाळू कुठून आणलीस गं?
म्हटलं, वरून.