स की झ

सातव्या महिन्यात सापडलं ते,
फेटलर बेटावरच्या दफनभूमीत,
शेवाळानं अर्ध्याहून जास्त खाल्लेल्या दगडावर.
लाउरीनं अंगठ्याच्या नखानं खरवडलं,
चार अक्षरं निघाली: ओ, एस, एल, ए.
खाली नवऱ्याचं नाव धडधाकट,
जहाजाच्या नावासकट.

परतताना फेरीवर (माझ्याच फेरीवर,
जिच्या डेकवर मी रोज हात करकरून गाड्या लावते)
मी ते तोंडात घोळवून पाहिलं.
ओस्ला.
ओझ्ला.
एकदा जीभ गुमान दातांमागे बसली,
एकदा बाटलीत अडकलेल्या माशीसारखी गुणगुणली.
नाव एक, बायका दोन झाल्या.

लाउरीचा कौल झ ला.
सासूबाई म्हणाल्या, ऱ्होडा काय वाईट आहे?
ऱ्होडा म्हणजे त्याच.
मग मोजे विणता विणता, वर न बघता:
जे नाव डॉक्टरला दोनदा विचारावं लागतं
ते पोरीला जन्मभर पुरतं.

लेरविकच्या ग्रंथालयातल्या बाईंनी जाडजूड पुस्तक काढलं,
धूळ फुंकली, चष्मा वर सरकवला.
मूळ नॉर्स. देवाला वाग्दत्त अशी कुणी, बहुधा.
आणि उच्चार?
त्या पुढची पानं चाळत राहिल्या,
त्यांना आणखी एक बहुधा सापडलं.

ज्या भाषेतलं ते, ती इथे बोलणारं कुणी उरलेलं नाही.
भांडणं गेली, प्रार्थना गेल्या, हिशेब गेले.
उरली खडकांची नावं,
आणि वाऱ्याच्या पाचसहा जातींची,
ज्या आजही लाउरी मासळीच्या पिंजऱ्यांवर उभा राहून
शिवी दिल्यासारख्या मोजतो.

कुणीतरी म्हणालं, गिबी माउटला विचारा.
अन्स्टचा, एक्क्याण्णव वर्षांचा, कानानं अधू.
कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरलं.
तो हसला. एवढा, की ठसका लागला,
नर्सनं पाणी आणलं, मग पुन्हा हसला.
"ही तर आमची गाय!"

लाउरीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

करडी, एका शिंगाची, दुधाला बेताची,
आजीनं ठेवलेलं नाव,
आजीच्याही आजीच्या गाईवरून चालत आलेलं.
देवाची वाग्दत्त अशी शेणामातीतून चालत चालत
आमच्यापर्यंत पोचली होती.

मी कागदावर लिहिलं: हाक कशी मारायचात?
तो काठी टेकून उठला. खिडकी उघडायला लावली.
बाहेर ओस पडलेल्या घरांच्या बिनछपराच्या भिंती,
पलीकडे टेकडी,
आणि मध्ये या बेटावर कधीच खाली न बसलेला वारा.
त्यानं दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

ओऽऽऽऽऽऽ

इतका लांब, की मला वाटलं पुढचं विसरला.
मग काहीतरी दातांतून निसटलं,
ते वाऱ्यानं पळवलं,
आणि ला तेवढा टेकडीवरून परत आणून दिला.
स होता की झ, अजूनही शपथेवर सांगता येणार नाही.

पोटात तेव्हा काही हललं नाही.
सांगायला बरं वाटलं असतं, पण नाहीच.
कुंपणापाशी एका मेंढीनं मान वर केली,
बघितलं, पुन्हा गवताला लागली.
नर्स धावत आली, कोण ओरडतंय म्हणून.

मार्चमध्ये नोंदणी कचेरीतल्या तरुण कारकुनानं
चार अक्षरं सावकाश टंकली आणि विचारलं,
म्हणायचं कसं?
मी खिडकीकडे पाहिलं. ती न उघडणारी होती.
म्हटलं, तुम्ही नुसतं लिहा.

आता ती चार महिन्यांची आहे.
लाउरी झ म्हणतो, सासूबाई ओझी म्हणतात
आणि मोज्यांवर तेच विणतात.
मी जवळून काहीच म्हणत नाही.
ते नाव मुळी जवळून म्हणायचं नाहीच,
ते कुरण ओलांडायला केलेलं आहे.
ती दूर गेली की मारीन हाक.

अजून तिला साधं कुशीवर वळता येत नाही.