पुतळ्याची बोटं

साखर पेठेच्या नाक्यावर
रेवणप्पांचा पुतळा बसवलाय.
उजवा हात वर, पाचही बोटं शाबूत.
वडील थांबले, चपला काढल्या,
बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले.
"दोन जास्त झाली," म्हणाले.

दोन बोटं साच्यानं खाल्ली होती,
सोळाव्या वर्षी, रात्रपाळीत.
उरलेल्या तिनांनी
कडक भाकरी मोडायचे
आणि मोठा तुकडा समोरच्याला.

भाषण जमत नसे.
तेलुगूत सुरुवात, कानडीत अडकणं,
मग मराठीत हसून खाली बसणं.

संपात ज्या दरवानानं
त्यांच्या पाठीवर काठी मोडली
तो लचमय्या उन्हाळ्यात तापानं पडला.
नळ कोरडे. वस्तीनं तोंड फिरवलेलं.
नऊ दिवस हा माणूस
तळ्यापलीकडच्या विहिरीवरून
त्याच्या दारी घागर वाहत होता.
पोरं चिडली, तेव्हा एवढंच:
"तहान काय युनियनची असती व्हय रे?"

भोंगा गेला. गिरणीच्या जागी गाड्या लागतात.
वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल काढून
चौथऱ्यावरची कबुतरांची घाण पुसली,
आणि निघताना, कुणी बघत नाही असं बघून,
आपली दोन बोटं मिटून
हात वर केला.