सात नंबरची टाकी

हेइझो-सानांचं नाक गेलं त्या तापात,
तीन हिवाळ्यांपूर्वी.
मोगामीच्या खोऱ्यात हे कुणाला ठाऊक नाही.
बँकेला तर मुळीच नाही.

पहाटे चारला ते शिडी चढतात,
टाकीच्या काठाला कान लावतात
आणि वर न बघता विचारतात, "आज काय?"
मी वाकते.
"जपून. फार वाकलीस तर तो वायू वर येऊ देत नाही."

आठव्या दिवशी म्हटलं, भिजलेले तांदूळ.
बाराव्या दिवशी, केळं.
ते चरकले. "पिकलेलं?"
"नाही, देठाशी हिरवं."
तरी त्यांनी टाकीभोवती बर्फाच्या पिशव्या बांधायला लावल्या,
रागावल्यासारख्या, घट्ट.

शितावरून भाताची परीक्षा;
इथे शितालाच आम्ही निम्मं झिजवतो,
पोटातला पांढरा ठिपका तेवढा ठेवतो.
उरलेलं पीठ बिस्किटवाला नेतो, उधारीवर.

आई या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही.
बाईच्या सावलीनं आंबवण रुसतं, म्हणत.
मी आले ती यीस्ट घेऊनच,
देवळामागच्या कुठल्याशा फुलावरून उचललेलं,
दोन वर्षं फ्रिजमध्ये लोणच्यामागे लपवलेलं.
वडील म्हणाले, "दारू करतेस की अत्तर?"
हेइझो-सान काही म्हणाले नाहीत.
नात्तो बंद कर, एवढंच म्हणाले.
तेव्हापासून बंद आहे.

घुसळताना गाणं तीनदा म्हणायचं,
मग वल्हं थांबवायचं, हा त्यांचा हिशेब.
मी फोनवर वेळ लावते.
फोन वाजतो तेव्हा तिसऱ्यांदाचं शेवटचं कडवं
अर्ध्यावर असतं.
ते पुरं करूनच थांबतात.

गाळायच्या रात्री पहिली धार आली,
दुधाळ, किंचित फसफसणारी.
तळाशी निळी वलयं असलेला पेला
त्यांनी दोन्ही हातांत धरला. घोट घेतला.
"गार आहे. टोचतंय. बाकी तू सांग."

लेबलासाठी मी आधीच लिहून ठेवलं होतं:
खरबूज, नाशपाती, पांढरी फुलं.
पण नाक पेल्यात घातलं आणि
कागदावरचं एकही आठवेना.

"मागच्या अंगणातलं झाड," मी म्हटलं.
"ही टाकी बसवायला तोडलं ते."

ते बराच वेळ पेल्यात बघत राहिले.
"खालच्या फांदीचं, की वरच्या?"

"खालच्या.
पोरांचे हात पोचायचे तिथलं.
पिकू कुठे द्यायचो आम्ही!"

त्यांनी मान हलवली, उरलेलं संपवलं,
पेला विसळून पालथा घातला.
"पुढच्या वर्षी एक अंश कमी ठेवू," म्हणाले,
आणि नळ्या धुवायला गेले.

पाणी इतकं गार की बोटं लाल.
गाणं तीनदा झालं.
मी वाट बघत होते थांबायची.
त्यांनी चौथ्यांदा सुरू केलं.