प्रमाण

आईच्या वहीला वही म्हणणं तसं चूकच.
जनगणनेचे उरलेले फॉर्म आहेत ते, पाठकोरे,
दाभणाने टोचून सुतळीने शिवलेले.
एका बाजूला कुटुंबप्रमुखाचे नाव, छप्पर कशाचे, नळ आहे/नाही.
उलटवलं की नागलीचे पापड.

बाबा प्रेसमध्ये, दिवसभर नोटा मोजायचे,
त्यातली एकही त्यांची नाही.
आई जेलरोडच्या शाळेत. ऐन उन्हाळ्यात तिला
माणसं मोजायला पाठवायचे.
घरी आल्यावर दोघंही
पोळ्या मोजत नसत.

नागलीचं पीठ एक किलो, पापडखार, हिंग, तीळ.
पाणी अंदाजे.
मीठ अंदाजे.
उकड झाली हे कसं कळतं?
मी फोनवर विचारते. ती म्हणते, वास येतो.
कसला?
अगं, झाल्याचा.

आता निवृत्त. गच्चीवर रंगाच्या डब्यांत गवती चहा, ओवा,
आणि एक कढीपत्ता, ज्याच्याशी ती भांडते.
सकाळी पेपरातलं कोडं, आधी पेन्सिलीने,
खात्री पटली की पेनने.
बातम्या मात्र पेनानेच वाचते,
समासात प्रश्नचिन्हं काढत.

यंदा याद्या पुन्हा तपासणार आहेत म्हणे.
तेव्हापासून ती लोखंडी कपाटासमोर मांडी घालून बसलीय.
शाळेच्या दाखल्यावर सिंधू काशिनाथ मोगल,
पेन्शनच्या पुस्तकावर शैलजा मधुकर बोरस्ते.
खिडकीतला मुलगा म्हणाला, मोगल? म्हणजे?
म्हणजे निफाडचे, ती म्हणाली. द्राक्षवाले.
तो हसला नाही. तीही नाही.
मग म्हणाला, दोन्ही तुम्हीच, याला पुरावा काय?

पुरावा म्हणजे एक ताट होतं.
त्यात तांदूळ पसरले होते, बाबांनी अंगठीने
नवं नाव लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मी विचारलं, त्या तांदळाचं पुढे काय झालं?
कोणास ठाऊक, आई म्हणाली,
शिजवले असतील की. माणसं होती शंभर.

पण तिला झोप येत नाही ती यामुळे नाही.
‘माझं काय, मी भांडेन. मला टेबलं माहीत आहेत.’
देवळाली गावातल्या हमीदाबी,
पंधरा उन्हाळे ज्यांच्यासोबत तिने पापड लाटले,
ज्यांचा हात पातळ, आईचा कडेला जाड,
त्यांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे.
आणि त्यातलं एक
आईच्याच अक्षरात.

पंचाण्णव साल. मतदारयादीचं काम. दुपारचा दीड.
अजून चाळीस घरं बाकी, चप्पल तुटलेली.
दाराआडून आवाज आला, आईने ऐकलं ‘अमिदा’,
लिहिलं अमिदा,
पुढच्या दाराची कडी वाजवली.
मैत्री नंतरची. तेव्हा त्या फक्त
घर क्रमांक एकशे बारा होत्या.

अक्षर तिचं सुरेख आहे, हेच वाईट.
एकदा लिहिलं की कोणी शंका घेत नाही.

गुरुवारी ती रिक्षाने गेली, फाईल, चष्मा,
आणि तिळाचे दोन डझन पापड घेऊन.
तिथे काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही.
फोनवर एवढंच:
आडवा सात अडलाय. मोजमापही आणि पुरावाही,
तीन अक्षरं, शेवटी ण.
मला लगेच सुचलं. मी म्हटलं, नाही गं, ठाऊक नाही.

दिवाळीत वही हातात घेतली.
‘अंदाजे’ सगळीकडे खोडलेलं.
मीठ: पाच चमचे, सपाट.
पाणी: दीड लिटर.
लाटणाऱ्यांची नावं: शैलजा बोरस्ते (पूर्वीची सिंधू मोगल),
हमीदा उस्मान पिंजारी. दीर्घ ‘मी’खाली दोन रेघा.
तारीख. सही.

मी पुण्यात, तंतोतंत तसेच करून पाहिले.
खारट झाले.
तिला कळवलं नाही.
माझा चमचा मोठा असेल.