बारीक काटे

चौदा वर्षं मी ग्रिम्सबीत हॅडॉक साफ करतो.
मानेपासून मधल्या रेषेवर बोटाचं पेर फिरवलं
की काटे कळतात, डोळ्यांना दिसत नाहीत.
चिमटा लावायचा, डोक्याच्या दिशेनं ओढायचा,
उलटं ओढलं तर मांस फाटतं.
एवढं मला येतं.

मंगळवारी सात वाजता, चर्चच्या मागच्या खोलीत,
जिथला हीटर सुरू होण्याआधी खोकतो,
मिसेस नॉर्मा ह्यूसन फळ्यावर लिहितात: गिव्ह.
गिव्ह म्हणजे देणे. सोपं.
मग त्याच्यामागे चिमूटभर शब्द ठेवतात.
गिव्ह अप. देणं संपलं, आता हार मानणं.
गिव्ह इन. तीही हारच,
पण समोर कोणीतरी उभं असताना.
"का?" फिलोमेनानं विचारलं.
नॉर्माबाईंनी मार्करचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.
"बोलायला लागल्यापासून बोलतेय मी हे.
का, ते कोणी विचारलंच नाही."

आमच्या लिथुआनियनमध्येही ही चिल्लीपिल्ली आहेत,
पण ती पुढे चालतात, क्रियापदाला चिकटून.
दुओती, देणे. पारदुओती, विकणे.
इशदुओती, दगा देणे.
तोंड उघडताच कळतं काय वाढून ठेवलंय.
इथे माणूस बोलत राहतो
आणि तुम्ही वाक्याच्या टोकापर्यंत श्वास धरून:
अप की डाउन? ऑन की ऑफ?

बरं वाटलं ते फक्त पिक अप शिकताना.
पिक मी अप.
दोघं सरकले आणि मला मधे जागा दिली,
बाकावर द्यावी तशी.
मी लगेच वहीत लिहिलं: लुक मी आफ्टर.
लाल शाईची काट.
नाही ओस्वाल्दास, हे दोघं सुटत नाहीत.
लुक आफ्टर मी. तू शेवटी.
मग नियम काय?
काहींत शिरता येतं, काहींत नाही.
घरांसारखंच, रेझान म्हणाला.
नॉर्माबाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी
सुपरवायझरनं आम्हा नऊ जणांना लायनीवरून बाजूला घेतलं.
यंत्र चालूच होतं.
त्याच्या ओठांवरून मी ले उचललं.
ले मला येत होतं.
ले द टेबल: जेवायची पानं मांडायची.
ले द बेबी डाउन: बाळाला निजवायचं.
पुढचा शब्द बर्फाच्या खडखडाटात बुडाला.
त्यानं खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं,
काम कमी आहे, दोन दिवस आडवे व्हा म्हणतोय.
घरी जाऊन मी खरंच झोपलो. इतका झोपलो
की दाइवानं दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी पहाटे साडेपाचला मी टर्न अप झालो.
हे पक्कं येतं मला.
कार्ड लावलं. लाल दिवा.
बाहीला पुसून पुन्हा लावलं.
फाटकावरचा म्हातारा बाहेर आला, चहाचा मग हातातच.
"दे लेड यू ऑफ, मेट."
बघा, यू बरोब्बर मधे.
जागा दिली होती मला.

मंगळवारी मी स्वतःच फळ्यापाशी गेलो
आणि लिहिलं: ऑफ.
दिवा विझतो तो ऑफ.
विमान उडतं तेही ऑफ.
दूध नासतं, ऑफ.
पहाटे चारचा गजर वाजतो तोही ऑफ,
बंद होतो म्हणून नव्हे, सुरू होतो म्हणून!
"मग तू यातला कुठला?" फिलोमेना म्हणाली.
कोणी हसलं नाही.
मी बोटाचं पेर त्या शब्दावरून फिरवलं,
डोक्याकडून शेपटीकडे, सावकाश,
चौदा वर्षांची सवय.
शाई फाकली. काटा हाताला लागला नाही.

रात्री दारातच दाइवानं विचारलं,
बोटाला काय लागलंय निळं?
काही नाही म्हटलं, शाई.
धुऊन ये, म्हणाली. पानं मांडलीत.