उपयोगिता प्रमाणपत्र

मा. अवर सचिव साहेब,
मी दामू कचरू पगारे, जेलरोड, नाशिकरोड.
एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होतो.
म्हणजे पैसा मी पाहिलाय.
ओला पाहिलाय, साहेब,
शाई वाळायच्या आधीचा,
जेव्हा तो कुणाचाच नसतो.

रोज सुटताना गेटवर झडती.
खिसे उलटे, डबा उघडा, चपला हातात.
भाकरीच्या चुऱ्याखेरीज काही बाहेर नेलं नाही.
ही टिमकी नाही.
मुलीबद्दल लिहायचंय.

संघमित्रा. घरात मित्रा.
पदार्थविज्ञानात पीएचडी करते
गंगापूर रोडच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
जिथे आधी सायकल स्टँड होता.
काचेवर धातूचा थर चढवते
इतका पातळ, की म्हणते,
बाबा, तुमची नोट ह्याच्यापुढे ब्रह्मगिरी.
मग तो थर गारठवते
आणि बघते, वीज त्यातून कशी जाते.

गारठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो.
तो जनावरांच्या दवाखान्यातून उसना आणते,
गायी भरवायच्या कांड्या ज्यात ठेवतात, तोच.
डॉक्टर भला माणूस. नाव लिहीत नाही.
रिक्षात दोन पायांमध्ये कॅन,
झाकणातून वाफ,
आणि रिक्षावाला द्वारकेपर्यंत आरशात बघत राहतो.

व्हॅक्यूम पंप मार्चपासून बंद.
दुसरा हप्ता तुमच्या टेबलावर.
फेलोशिप थकून नऊ महिने झाले,
एवढ्यात माणूस जन्माला येतो.
आणि आता पत्र आलंय:
उपयोगिता प्रमाणपत्र जोडा,
तसेच संशोधनाचा समाजास थेट उपयोग
शंभर शब्दांत.

रात्रभर बसली शंभर शब्दांपाशी.
पहाटे पाहिलं तर कागदावर दोनच.
माहीत नाही.
खरं बोलणारं पोर. तिचं खोडू कसं?
उरलेले अठ्ठ्याण्णव मी लिहितोय.
जास्त झाले तर कापा.

पाकिटात पाचशेची नोट असेल, काढा.
आकडा उजेडात धरा. जरा तिरपी करा.
हिरवा होता, निळा झाला.
मला वाटायचं, शाईची करामत.
मित्रानं सांगितलं, नुसता रंग नाही तो.
थर आहेत, एकावर एक.
उजेड वरच्यावरून परततो, खालच्यावरून परततो
आणि वाटेत दोघांची गाठ पडते.
साबणाच्या फुग्यावर तेच.
पंपासमोर सांडलेल्या डिझेलवर तेच.

कुणीतरी, कुठल्यातरी देशात,
कधीकाळी फुग्याकडे बघत बसलं होतं.
घरच्यांनी विचारलंच असेल, उपयोग काय?
त्याला नोट ठाऊक नव्हती, नोटेचे चोर ठाऊक नव्हते,
आमचं जेलरोड तर नाहीच,
जिथे त्या फुग्यावर
माझी चूल पेटत राहिली.

कंपन्यांकडे जा म्हणता.
गेली होती. सातपूर, अंबड.
चहा दिला. म्हणाले,
दोन वर्षांत विकता येईल असं काही आणा.
त्यांचं चुकत नाही, त्यांना दिवाळीला बोनस द्यायचा असतो.
पण अजून न जन्मलेल्या गिऱ्हाइकासाठी
शटर उघडं ठेवणं दुकानाला परवडत नाही.
ते सरकारचं काम.
गंगापूर धरणाची भिंत घातली तेव्हा
आज ते पाणी पिणाऱ्यांतली
किती पोरं जन्मली होती?

नोटेवर एक ओळ असते.
धारकाला इतके रुपये अदा करण्याचं वचन.
किंमत त्या ओळीची. बाकी कापूस.
तुमच्या मंजुरीपत्रावरही सही आहे, साहेब.
धारक तळमजल्यावर बसलीय.

सोबत जोडलंय:
काचेची एक पट्टी, बोटाएवढी.
फुंकर मारू नका, बोट लावू नका.
खिडकीशी नेऊन तिरपी करा.
कुठला रंग दिसला
तेवढं उलट टपाली कळवा.